मदत हवी आहे : रात्रीच्या लाईटीनं अण्णांची झोपच मोडली

नमस्कार मंडळी. आम्ही सेलू तालुक्यातले, जिल्हा परभणी. अण्णांचं वय 62. रब्बीत शेतातल्या मोटारीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत अण्णा हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, दारं धरता धरता, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवता वळवता, पहाट होते. आता दिवसाची पाळी आली तरी रात्री दोनला टक्क जागे. मग ओसरीत येरझाऱ्या, नाहीतर मोबाईल. वर दिवसभरात सहा-सात कप चहा, शेवटचा रात्री जेवणानंतर! दुपारी मात्र दोन तास गाढ झोपतात. रात्री लघवीलाही तीनदा उठतात, त्यामुळे साखर तपासायचं ठरवलंय. घोरणं तर जुनंच.

शेजारच्या काकांनी झोपेच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणून दिली होती, ती मी लपवून ठेवलीय. डॉक्टरांना न विचारता असलं काही नको वाटतं.

कुणाच्या घरी असं झालंय का? दर आठवड्याला पाळी बदलते तेव्हा झोपेचं कसं जमवता? दुपारची झोप पूर्ण बंद करावी की अर्धा तास चालेल? आणि आधी कोणत्या डॉक्टरांना दाखवावं? चहा कमी करा असं मी सांगून थकलो, त्यावरही काही युक्ती असेल तर सांगा.