सोलापुरात मिग-२१ आणून ठेवावं का?

विजापूरनाका:
गेल्या रविवारी पार्क चौकात चहा पिताना मी सहज म्हणालो, की हवाई दलातून निवृत्त झालेलं एखादं मिग-२१ लढाऊ विमान मागून घ्यावं आणि होटगी रोडच्या विमानतळाबाहेर उभं करावं. पाचांपैकी चार जण हसले. पाचव्याने गुपचूप बिल दिलं, म्हणजे त्यालाही पटलं नसावं. म्हणून धागा काढतोय.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ ला आलेलं विमान, ६२ वर्षं राबलं. यातली शेकडो आपल्या नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं टाकली ती मिग-२१ विमानांनीच. त्या वैमानिकांच्या हातातला नकाशा चक्क पर्यटकांसाठी छापलेला होता! पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

पुण्यात घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग-२३ आहे, नगरला रणगाडे आहेत, गोव्यात बोगमाळोला नौदलाची विमानं आहेत. सोलापूरच्या पोरानं काय बघायचं? विरोध चालेल, फक्त कारणासकट करा.

कोरडवाहू:
विरोध. कारणासकट.

एका गावच्या बागेत असं विमान उभं आहे, नाव घेत नाही. उन्हाळ्यात पोरांना घेऊन तिथं थांबलो होतो. नाकाच्या भोकात कबुतरांचं घरटं. कॉकपिटवरची काच पिवळी पडून दुधाळ झालेली. पंखाखाली गंजाचे ओघळ, आणि शेपटीवर कुणीतरी खिळ्यानं बाण-बदाम कोरलेला. पाटी होती, संगमरवरी. तिच्यावर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, सगळे होते. विमान कुठल्या स्क्वाड्रनचं, ते कुणी उडवलं, याचं एक अक्षर नाही. धाकट्यानं विचारलं, "बाबा, हे खोटं विमान आहे का?" मला पटकन उत्तर सुचेना.

आणि विमानवाहू जहाज विक्रांतचं काय झालं ते विसरलात का? ४ डिसेंबर १९७१ ला तिच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. पुढे तीच मुंबईत ११ वर्षं तरंगतं संग्रहालय होती. २०१२ ला बंद, २०१४ ला सुमारे ६० कोटींना लिलाव, आणि दारुखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर तुकडे. मुंबईला जहाज सांभाळता आलं नाही, आपण विमान सांभाळणार?

बाळीवेस:
काय मालक, त्या विमानतळापायी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडून दोन-अडीच वर्षं झाली, तिचा धुरळा आत्ता कुठं बसायलाय. गोव्याचं विमान जून २०२५ ला सुरू झालं. उडणारं विमान लोकं आत्ता आत्ता बघायलेत, अन् तुम्ही लगेच न उडणारं आणायलाव बे! मे महिन्यात त्या पत्र्यावर भाकरी भाजंल, कडक भाकरी. शेंगा चटणी घेऊन या सगळे.

जुना_फिटर:
बाळीवेस, भाकरीचं खोटं नाही. राजस्थानात दुपारी उघड्या हातानं पत्रा धरला की कातडी चिकटायची.

मी मिगवर इंजिन फिटर होतो, वीस वर्षं. कोरडवाहूंनी जे पाहिलं ते मीही दोन-तीन ठिकाणी पाहिलंय आणि जेवण गेलेलं नाही त्या दिवशी. पण ऐका. आमच्याकडे विमान उभं राहिलं की इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाला झाकण, वेग मोजणाऱ्या पिटोट नळीला टोपी, त्याला लाल फीत लोंबती. दहा मिनिटांचं काम. त्या बागेत कुणी एक झाकण बसवलं असतं तर कबूतर आत गेलंच नसतं.

विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्यात जागोजाग पोलादी बोल्ट. दोन धातूंच्या मध्ये पाणी साचलं की ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. पोटाखाली पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती धुळीनं बुजतात. दर पावसाळ्याआधी एका माणसानं तारेनं ती मोकळी करायची. टायर वर्षानुवर्षं वजन सोसत नाहीत, म्हणून खाली स्टँड हवेत. सीट बाहेर फेकणारी काडतुसं आधीच काढलेली आहेत ना, हे कागदावर बघून घ्यायचं. आणि वर छप्पर. छप्पर नसेल तर माझंही मत नाही.

वाहतूक, चौथरा, छप्पर याला एकदा देणगीदार मिळतो. तारेवाला माणूस दरवर्षी कुठून आणणार, ते आधी सांगा.

सातरस्ता:
तुम्ही सगळे पत्र्यावर बोलताय. मला हे विमान चौकात नकोच आहे.

२०१२ ला तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडा दिला होता. घेतलेल्या ८७२ मिगपैकी ४८२ अपघातात गेली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मेले. हे सगळ्या मिगचे मिळून, पण यात कुठलं विमान सर्वात जास्त बदनाम झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २००१ मध्ये पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आईनं, कविता गाडगीळ यांनी, त्यानंतर मिगच्या सुरक्षिततेसाठी केवढी मोठी लढाई दिली. अशा एखाद्या आईनं सोलापूरला विमानानं यावं आणि बाहेर पडताच समोर तेच? झेंडूची माळ घातलेलं?

विजापूरनाका:
सातरस्ता, उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण सोपं उत्तर नव्हतं. तरी माझं म्हणणं असं, की विमान नजरेआड केलं तर ते १७१ जणही नजरेआड जातात. पाटीवर १९७१ लिहायचं तर २०१२ चा आकडाही लिहायचा. मी तसा आग्रह धरीन.

आणि कोरडवाहू, आपल्याला जमत नाही हे मला मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला लिबरेटर बाँबर पडून होते, कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून मोडून टाकलेले. १९४८ च्या सुमारास विमानं बांधणाऱ्या एचएएल कंपनीच्या लोकांनी त्या ढिगातून एकेक भाग जुळवून ती उडण्याजोगी केली आणि बंगळूरला नेली. हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. आज लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये जे लिबरेटर आहे ते आपल्याकडून गेलेलं. भंगारातून उडतं विमान काढणाऱ्यांना एक झाकण बसवता येणार नाही?

कोरडवाहू:
त्यांचं ते काम होतं, त्यासाठी पगार होता. तुमच्या झाकणाला पगार कोण देणार? फिटरकाकांच्या प्रश्नाला बगल दिलीत.

भैय्याचौक:
विषय युद्धात सेवा केलेल्यांचा निघालाय म्हणून विचारतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर माझ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानशी चाललेल्या युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले. वय ३२. तिकडे शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे, आणि चीनहून पाहुणे आले की ते आपल्याकडचं घर बघून जातात. या धाग्यावर लिहिणाऱ्यांपैकी किती जण आत गेलेत? मी स्वतः चाळिशीत गेलो, तेही मेहुणा चंदीगडहून आला आणि त्याला बघायचं होतं म्हणून. नवीन काही उभारायचं ते नंतर बघू.

बाळीवेस:
मी शाळंच्या सहलीत गेलतो. तेवढंच.

माढा_मास्तर:
साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले, त्याचा दगड गावात आहे. आपल्याकडे असा दगड नाही म्हणून माणसंही नव्हती असं समजू नका.

गेल्या वर्षी मी सातवीच्या मुलांना गावातल्या माजी सैनिकांची यादी करायला लावली. मला वाटलं होतं आठ-दहा निघतील. सत्तावीस निघाले, त्यातले अकरा आता नाहीत. एका घरात आजींनी माळ्यावरून काळी पत्र्याची ट्रंक उतरवली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत मोठ्या सुनेचे शालू. मुलांनी विचारलं आजोबा कुठं होते, तर आजी म्हणाल्या, "कुठंतरी बर्फात होते. पत्रात गावाचं नाव लिहायचे नाहीत, छप्पन्न नंबर लिहायचे." सैन्यात पोस्टाचा पत्ता असाच, नुसत्या नंबरचा असतो, हे मुलांना मग मी सांगितलं. पत्रं विचारली, तर पावसात घर गळलं तेव्हा लगदा झाला म्हणाल्या.

विमान आणा किंवा आणू नका. अकरा जणांना आता विचारता येत नाही, तेवढं बघा.

जुना_फिटर:
मास्तर, तुमच्या यादीत जमिनीवरचे घेतलेत ना? स्वयंपाकी, ड्रायव्हर, आमच्यासारखे? आम्ही सकाळी एका रांगेत चालत धावपट्टीवरचे खडे वेचायचो. एक खडा इंजिनात गेला तरी खेळ खलास. काम झालं की नट आवळायचे पाने मोजायचो, एक कमी भरला तर विमान उडत नसे. नट सुटू नयेत म्हणून बांधायच्या लॉकिंग वायरनं बोटांची टोकं अशी झालीत की बँकेत अंगठा लागत नाही. हे कुठल्याच पाटीवर येत नाही. तक्रार नाही, सांगितलं.

माढा_मास्तर:
ड्रायव्हर आहेत. स्वयंपाकी मुलांनी सोडले असतील, परत पाठवतो.

सातरस्ता:
फिटरकाका, तुमचं बोलणं रेकॉर्ड करायला मी येते. शनिवार चालेल? विमानाला माझा नकार कायम.

कोरडवाहू:
माझाही. बार्शी तालुक्याची यादी मात्र मी करतो, मास्तरांनी कोणते प्रश्न विचारले ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

विजापूरनाका:
अर्ज मी लिहिणारच. छपराचं अंदाजपत्रक आणि दरवर्षीच्या तारेवाल्याचा खर्च जोडून लिहीन, नाहीतर फिटरकाका सही करणार नाहीत.

जुना_फिटर:
झाकणाचं लिहा. शनिवार चालेल, दहानंतर या, आधी पाणी येतं.