एकट्यासाठी हलका तंबू: वळवाच्या वाऱ्यात कोणता टिकेल?

सायकल_जालना
मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सायकलवर फिरायचंय. अजिंठ्याची डोंगररांग, कन्नडची बाजू, मग बालाघाटावरून बीड-धाराशिव. एका माणसाचा तंबू हवाय, दीड किलोच्या आत. बजेट १२ हजार, उंची ५ फूट १० इंच. दोन तंबूंवर गाडी अडलीय. एक ट्रेकिंग पोलवर (डोंगर चढायच्या काठीवर) उभा राहतो, वजन सव्वानऊशे ग्रॅम. दुसऱ्याला स्वतःच्या अॅल्युमिनियमच्या दांड्या आहेत, तो १.४ किलो. दोन्हींवर ४००० मिमी वॉटरप्रूफ लिहिलंय. वळवात कोणता तग धरेल?

मुरूम_खडक
४००० च्या आकड्यात गुंतू नका. कोऱ्या कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ ठेवला तर पाणी झिरपतं, एवढंच तो सांगतो. बाहेरच्या फ्लायला (पावसाच्या आवरणाला) १५०० सुद्धा चालतं. तळाला मात्र ३००० च्या वर हवं, कारण गुडघा टेकला की दाब तिथंच येतो. पाणी आत येतं ते शिवणीतून, नाहीतर फ्लाय ढिला पडून इनरला (आतल्या तंबूला) चिकटला की.

आपल्याकडचं खराब हवामान म्हणजे कोकणासारखी आठवडाभराची झड नव्हे. आधी धुळीचा लोट, मग वाऱ्याचा जोरदार तडाखा, कधी गारा आणि शेवटी पाऊस. म्हणून दांड्या, खुंट्या आणि तणावे (तंबू ताणायच्या दोऱ्या) आधी बघा. दांड्या ७००० मालिकेतल्या अॅल्युमिनियमच्या, साधारण ८.५ मिमी जाडीच्या घ्या. फायबरच्या दांडीच्या वाकताना खपल्या निघतात आणि ती तुटली की तिचं टोक फ्लाय फाडतं. तुटलेल्या दांडीवर सरकवायची १०-१२ सेंमीची जोडनळी सोबत ठेवाच.

सायकलवर ट्रेकिंग पोल नसतोच. म्हणजे वेगळा खांब न्यावा लागणार आणि सव्वानऊशे ग्रॅमचं कौतुक तिथंच कमी होतं. त्यात कंपनीच्या ‘किमान वजना’त बहुतेक वेळा खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी धरलेली नसते. नुसत्या ८ खुंट्याच शंभर ग्रॅमच्या पुढे जातात. माझं मत १.४ किलोवाल्याला. तुमच्या उंचीला इनर आतून किमान २१५ सेंमी लांब हवा. भिंती उतरत्या असतात, त्यात गादीची जाडी, मग पाय ओल्या कापडाला लागतात.

बालाघाटी
वरचं पटतं, पण अशा दांड्यांच्या तंबूला ‘स्वतः उभा राहणारा’ म्हणतात, त्या शब्दावर विसंबू नका. इनर उभा राहतो. फ्लायचा पुढचा पडवीसारखा भाग आणि पायाकडची बाजू खुंटीशिवाय ताणतच नाही. आणि खरी गोची खुंट्यांचीच आहे. तंबूसोबत येणारी १५ सेंमीची बारीक खुंटी मुरमात छान बसते. काळ्या रानात मात्र कोरड्यात भेगा आणि ओल्यात लगदा, तणाव्याला हिसका बसला की सरळ उपटून येते. वाऱ्याच्या बाजूला ४ खुंट्या २० सेंमीच्या पुढच्या, रुंद पात्याच्या घ्या. तेवढ्यानंही भागत नसेल तर वीतभर काटकीच्या मध्यावर दोरी बांधून ती आडवी २० सेंमी खोल पुरा आणि पायानं माती दाबा. ही ओढली तरी निघत नाही.

कातळावर खुंटी जातच नाही. तिथं मुठीएवढ्या दगडाला फास घालायचा आणि तंबू व तो दगड यांच्या मधे दोरीवर मोठा धोंडा ठेवायचा. वारा ओढू लागला की लहान दगड धोंड्याला अडकून घट्ट होतो. आपल्या काळ्या खडकाच्या कडा धारदार असतात, २ मिमी दोरी घासून तुटते. फासापुरती ३ मिमी दोरी वापरा. सायकल आडवी पाडून तिलाही एक तणावा बांधता येतो. उभ्या सायकलला नको, ती तंबूवरच यायची.

तणावा
दोघांनीही एक गोष्ट सोडली. तंबू लावायचा क्रम विचारा. नेचरहाईक क्लाउड अपसारख्या दांड्यांच्या तंबूत आधी इनर, मग फ्लाय. भर पावसात लावायला गेलात तर अंथरायच्या आधीच आत पाणी. लानशानसारख्या ट्रेकिंग पोलच्या तंबूत फ्लाय आधी लागतो. म्हणून मी ट्रेकिंग पोलवाल्याला इतक्या लवकर बाद करणार नाही, १२० सेंमीच्या आसपासची घडीची दांडी वेगळी मिळते. पण आधी इनर लागणाऱ्या जातीचाच घेणार असाल तर ढग भरून यायच्या आधी तंबू उभा हवा, नाहीतर फ्लाय अंगावर घेऊन त्याखाली दांड्या जोडायची सवय करा.

काळा ढग ज्या बाजूला, पहिला झोत बहुतेक तिकडूनच येतो. तंबूची बुटकी, पायाकडची बाजू तिकडं ठेवा, दार नाही. आणि सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉन भिजलं की सैलावतं. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तणावे पुन्हा ओढावेच लागतात. पॉलिएस्टर इतकं सैलावत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं.

सायकल_जालना
शिवणी घरी बंद करता येतात का? आणि खाली अंथरायला काय?

मुरूम_खडक
आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली असेल तर काही करू नका. पट्टी नसेल आणि कापड दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचं असेल तर पारदर्शक सिलिकॉन सीलंट १ भाग, मिनरल टर्पेंटाइन ३ भाग, ब्रशनं शिवणीवर लावा आणि दिवसभर ताणून वाळवा. आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असेल तर त्यावर सिलिकॉन धरत नाही, पीयूचंच सीलर लागतं. मग अंगणात पाण्याची नळी धरून तपासा.

खाली शेतातलं सिलपॉलिन (प्लास्टिकची ताडपत्री) चालतं. ९० जीएसएमचा (चौरस मीटरला ९० ग्रॅम) १ बाय २.१ मीटरचा तुकडा १९० ग्रॅमच्या आसपास भरतो. बाभळीच्या काट्यांपासून तळ वाचतो. पण तुकडा तळापेक्षा सगळीकडून ५ सेंमी आत कापा. बाहेर डोकावला तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी त्यावर पडून थेट तुमच्या पाठीखाली.

बालाघाटी
विजेपुढं कुठलाच तंबू उपयोगाचा नाही. विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप ठेवा. कडकडाट जवळ येऊ लागला तर माळ सोडून पक्क्या घरात जा, एकट्या लिंबाखाली नको. ओढ्याच्या पात्रातही तंबू नको, पाऊस वरच्या अंगाला पडला तरी पाणी खाली येतं. गौताळा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आधी कन्नडला चौकशी करा.