पुश-पुल गेली म्हणून पेडल स्टील संपलं? काहीही हं

बाळू_टेक्सासकर:
परवा इथे कुणीतरी लिहून गेलं की "एमन्सची पुश-पुल बंद झाली तेव्हाच पेडल स्टील संपलं, आत्ताच्या ऑल-पुल म्हणजे नुसती शिलाई मशीन, जुनी मिळत नसेल तर लॅप स्टीलला पामबेंडर लावा नाहीतर कीबोर्डवर भागवा". डोकं सटकलं म्हणून वेगळा धागा काढतोय. नवख्यांसाठी: पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार, पायातली पेडल नि गुडघ्याचे लिव्हर ठराविक तारांचा सूर चढवतात-उतरवतात. एमन्स कंपनीच्या जुन्या पुश-पुलमधे तो चढवायला ओढ नि उतरवायला ढकल, ऑल-पुलमधे दोन्हीला ओढच. लॅप स्टील म्हणजे मांडीवरची बिनपेडलची, पामबेंडर म्हणजे तळव्याने दाबून तार वाकवायची कळ.

पुश-पुलचा आवाज भारी, मान्य. पण तिला ट्यून करताना पाहिलंय का कधी? एकाच तारेला चढ पण आहे नि उतार पण, क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आणि एखादा नवा चेंज (पेडल-लिव्हरने होणारा सुराचा बदल) घालायचा तर गिटार उलटी टाकून अख्खा रविवार गेला. नवशिक्याला हे घे म्हणून सांगायचं? मी स्वतः एका बंद पडलेल्या कंपनीचं जुनं स्टुडंट मॉडेल घेतलं होतं (नाव घेत नाही, भक्त चावतात), तीन पेडल आणि गुडघ्याला एकच लिव्हर. शिकवणीतला दर दुसरा धडा म्हणायचा ई ची तार उतरवा, पुढचा म्हणायचा ई चढवा, आता एका लिव्हरने दोन्ही कसं करणार? दीड वर्ष वाया. शेवटी विकलं आणि तीन पेडल चार लिव्हरचं ऑल-पुल घेतलं. एंडप्लेटवरच्या (गिटारीच्या कडेच्या पट्टीवरच्या) नायलॉनच्या नटाला पाना लावला, फिरवला, विषय संपला. स्टेज वन किंवा जीएफआय कंपनीचं स्टुडंट मॉडेल बघा, बाकी सगळं स्मरणरंजन.

मंद्रसप्तक:
तो "कुणीतरी" मीच, नाव घ्यायला जीभ झडत होती का? पुश-पुलमधे फिंगर (तार जिच्यावरून जाते तो धातूचा तुकडा) बॉडीवर घट्ट टेकून थांबते म्हणून आवाज लाकडात उतरतो. तो पान्याने फिरवून येत नसतो. तुम्हाला सोय हवीये, मला आवाज. दिवे घ्या.

बाळू_टेक्सासकर:
सोय नको तर पामबेंडर कशाला सुचवलात? एक-दोन तारा वाकतात त्याने, त्यातही छेडायच्याच हाताने ते दाबायचं.

खडूस_काका:
एवढा खटाटोप कशासाठी म्हणतो मी. आमच्या वेळी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार असायची, मांडीवर आडवी, हातात बार, सोसायटीचा अख्खा गणपती माना डोलवायचा. व्हॅन शिप्लेच्या रेकॉर्डी घरी झिजल्यात. ब्रिजभूषण काब्रा १९६७ साली शिवकुमार-हरिप्रसादांबरोबर गिटारवर राग वाजवून गेले, पायाखाली एकही पेडल नव्हतं!

सातवी_तार:
काका, रागात कॉर्ड बदलायची नसते हो. बार सरकवला की सगळ्या तारा एकदम सरकतात. पेडल स्टीलवर बार जागच्या जागी, ए आणि बी नावाची पेडल दाबली की बी चढून सी शार्प होते, जी शार्पची ए होते, आणि मधली ई तश्शीच. ई कॉर्ड होती ती बसल्या बसल्या ए झाली. १९५४ मधे अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्सच्या रेकॉर्डवर बड आयझॅक्सने ही तारांची ओढ ऐकवली आणि नॅशव्हिलचे स्टीलवाले पेडलच्या मागे लागले. मींड नाहीये ती.

कीबोर्ड_किरण:
वीस वर्षं शो करतोय. सॅम्पल लावतो, पिचबेंडचं (सूर वाकवायचं) चाक फिरवतो, आजवर एकाही श्रोत्याने पैसे परत मागितले नाहीत.

सातवी_तार:
पिचबेंड फिरवलात की सगळे सूर एकदम वाकतात. म्हणजे बारच झाला ना तो, तोही प्लास्टिकचा.

खडूस_काका:
आलात का! तुम्ही कीबोर्डवाल्यांनीच वाट लावली. आमचा दादा ठाण्यात अकरा वर्षं हवाईयन वाजवत होता. ८८ साली ऑर्केस्ट्रावाला म्हणाला आता कीबोर्डात सगळं येतं, तुम्ही हवं तर खंजिरी धरा. खंजिरी! दादा घरी आला, गिटार चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली आणि त्यानंतर घरात रेडिओसुद्धा लावू दिला नाही.

कीबोर्ड_किरण:
काका, ८८ साली मी दुसरीत होतो. आणि आता आम्हालापण लॅपटॉपवाल्याने बाहेर काढलंय, ट्रॅकवर गातात लोक. समाधान झालं?

खडूस_काका:
थोडं झालं.

मंद्रसप्तक:
धाग्याचं काश्मीर झालेलंच आहे तर सांगून टाकतो. काल माझ्या पुश-पुलची तिसरी तार तुटली, महिन्यातली चौथी.

बाळू_टेक्सासकर:
तिसरी तार सगळ्यांचीच तुटते, ऑल-पुलवरपण. तेवढ्यापुरती तुमची पुश-पुल निर्दोष.

मंद्रसप्तक:
उपकार झाले. बरं, नवशिक्याने ऑल-पुल घ्यावी, लिहून देतो. मी मरेपर्यंत घेणार नाही. ते जुनं मॉडेल कितीला गेलं तुमचं?

बाळू_टेक्सासकर:
सांगणार नाही, तुम्ही घ्याल.

खडूस_काका:
अवांतर: दादाच्या गिटारीवर दोनच तारा उरल्यात. सहा तारांची आहे. हवाईयनचा सेट हल्ली मिळतो का कुठे?

कीबोर्ड_किरण:
व्यनि करतो काका.