लेखनाचे थोडे पैसे वाचनालयाला कसे द्यावेत?

प्रश्न: पाककृती लिहून महिन्याला हजारेक रुपये सुटतात. ते गावच्या ‘ड’ वर्ग (सरकारी श्रेणीत सर्वांत खालच्या) वाचनालयाला द्यायचेत. मुलांच्या पुस्तकांची शिवण उसवलीय, पानं सुतळीने बांधून ठेवलीत, तरी पोरं मागून नेतात. रोख देऊ का?

उत्तर: ताई, संस्थेच्या खात्यावरच टाका, पावती घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत नाही. नव्या करप्रणालीत तर ती मिळतच नाही.

उत्तर: आधी ग्रंथपालांना विचारा. लोक वाचनालयात घरची रद्दी आणून टाकतात, फार वाईट वाटतं. तुम्ही बाइंडिंगवाल्याचं बिलच परस्पर भरा.

प्रश्नकर्ती: बाइंडिंगचं एकदम पटलं! ग्रंथपालकाकांना उद्याच फोन करते. मे महिन्याच्या सुट्टीआधी निदान गोष्टींची पुस्तकं शिवून घेऊ.