मदत हवी आहे: आचारसंहितेत पीक संरक्षणाची बंदूक जमा करण्यातून सूट

सिंधुदुर्गात वडिलांच्या नावावर पीक संरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक आहे. आचारसंहिता लागली, बंदूक जमा करा, असा पोलीस ठाण्यातून फोन आला. भात कापणीला आलंय, परवा रात्री रानडुकरांनी दोन कुणगे (भातशेतीचे तुकडे) आडवे केले. फटाके, पत्र्याचे डबे सगळं करून झालं. बंदूक निकालानंतरच परत मिळणार, तोवर शेतात काय उरणार?

निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे शस्त्र परवाने तपासणाऱ्या जिल्ह्याच्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी किंवा दंगलीत नाव असलेले, यांच्यावर मुख्य रोख. वडिलांवर एकही गुन्हा नाही, पक्षाशी संबंध नाही, नूतनीकरण वेळेवर. लेखी नोटीस मागितली, मिळाली नाही. ठाण्यात अर्ज दिला, पोच आहे, उत्तर नाही.

सूट मिळण्याचा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा का, आणि सोबत सातबारा, नुकसानीचा पंचनामा जोडून कुणाला खरंच सूट मिळाली आहे का?