मदत हवी आहे: पायथनमध्ये खराब ओळी वेगळ्या कशा काढायच्या?

लातूर, उदगीर, हिंगोलीच्या बाजारभावाची सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली फाईल) आहे. सोयाबीन सोडून बाकी पिकं फिल्टरने गाळली, मग मॅपने (प्रत्येक ओळीवर तेच काम लावणारं फंक्शन) भाव आकड्यात बदलले. ‘४२५०’ हे देवनागरी अंक इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) सरळ वाचतं. अडतं ‘४,२५०’ मधल्या स्वल्पविरामावर आणि भाव नसताना टाकलेल्या ‘-’ वर. मॅप मागितल्याशिवाय काम करत नाही, म्हणून व्हॅल्यूएरर (मजकुराचा आकडा होत नसल्याची त्रुटी) थेट बेरजेच्या वेळी फुटतो, ओळ कोणती ते कळत नाही. स्वल्पविराम रिप्लेसने जातो. ‘-’ वाल्या ओळी मात्र गुपचूप टाकायच्या नाहीत, सरासरी शेतकऱ्यांसमोर जाणार आहे. इटरटूल्समधलं टी (tee, एकाच प्रवाहाच्या प्रती करणारं फंक्शन) वापरून चांगल्या-खराब ओळींच्या दोन वाटा केल्या तर एक पुढे पळते आणि मधलं सगळं मेमरीत साठतं. फाईल मोठी आहे. एकाच फेरीत चांगल्या ओळी पुढे, खराब ओळी क्रमांकासह वेगळ्या फाईलीत, असा जनरेटर (मागेल तशी एकेक ओळ देणारं फंक्शन) तुम्ही कसा लिहाल?