चार्जरचा प्लग निळा ३२ अँपिअरचा, पार्किंगमधला सॉकेट १६चा. नेमकं काय बदलू?

निळी_गाडी
नमस्कार. वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. सोबत पोर्टेबल चार्जर आलाय. केबलच्या मध्ये एक डबी, गाडीच्या बाजूला टाइप २ गन आणि भिंतीच्या बाजूला निळा, गोल, तीन जाड पिनांचा प्लग. त्यावर ३२ अँपिअर कोरलंय. डबीवर करंट कमी-जास्त करायचं बटण नाही. पार्किंगमध्ये आपला नेहमीचा १६ अँपिअरचा तीन पिनांचा पॉइंट आहे, मेन बोर्डापासून वीसेक मीटरवर.

दुकानात निळ्याचा तीन पिनांत करणारा कन्व्हर्टर दाखवला. धाकटे दीर म्हणतात, प्लग कापून १६चा टॉप लावून देतो, पाच मिनिटांचं काम. माझं रोजचं फिरणं चाळीस किलोमीटरच्या आसपास, रात्रभर गाडी उभीच असते. पार्किंगच्या वरच्याच खोलीत मुलं झोपतात, म्हणून विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं ठरवलंय.

रस्ता_मोकळा
कन्व्हर्टर चालतो. गाडीच्या स्क्रीनवर चार्जिंगचा करंट १० अँपिअर करून ठेवा. मी तसंच वापरतो, काही त्रास नाही.

वायरमनकाका
ताई, कन्व्हर्टर घेऊ नका आणि प्लगही कापू देऊ नका. दोन्हींत धोका एकच आहे आणि तो दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केबलमधली ती डबी म्हणजे चार्जर नव्हे. बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. डबी वीज सोडते, गळती दिसली की तोडते आणि गाडीला सांगते की यापेक्षा जास्त ओढू नकोस. हा निरोप पायलट नावाच्या बारीक तारेवरून जातो. तिच्यावर सेकंदाला १००० वेळा वर-खाली होणारा सिग्नल असतो. प्रत्येक फेरीतला किती वेळ तो वर राहतो, त्यावरून गाडी मर्यादा ओळखते. २७ टक्क्यांच्या आसपास म्हणजे १६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२. तुमच्या डबीला बटणच नाही, म्हणजे ती कायम ३२च सांगणार. भिंतीत कुठला सॉकेट आहे हे तिला कळायला मार्ग नाही. निळा प्लग १६च्या सॉकेटात शिरत नाही, तो शिरू नये म्हणूनच तसा घडवलाय. कन्व्हर्टर लावला किंवा टॉप बदलला की ती अडवणूक गेली. मग आतला चार्जर ७ किलोवॅटचा असेल तर गाडी १६च्या सॉकेटातून ३२ ओढायला मोकळी.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच, पडेल की, असं वाटेल. २०चा एमसीबी ३२ अँपिअरला पडतो, पण लगेच नाही, बराच वेळ तापून मग पडतो. रोज रात्री पडतोय म्हटल्यावर कोणीतरी त्याजागी ३२चा बसवतं. मग अडीच एमएमची वायर भिंतीतल्या पाइपात भाजत राहते आणि तिला थांबवणारं कोणी उरत नाही. असे जळके पॉइंट मी उघडलेत. पिन प्लास्टिकमध्ये वितळून अशी बसलेली असते की टॉप ओढला तर सॉकेट भिंतीतून बाहेर येतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एमसीबी वायर सांभाळतो, सॉकेटच्या आतली पितळी पाती सांभाळत नाही. पातीची पकड सैल झाली आणि त्या सांध्यात ०.१ ओहम रोध आला, तर १६ अँपिअरला तिथे २५ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे सॉकेटच्या आत एक सोल्डरिंगची इस्तरी चालू ठेवल्यासारखं. करंट मात्र मर्यादेतच, त्यामुळे एमसीबीला काही कळत नाही. तोच करंट १० केला तर उष्णता १० वॅटवर येते, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हाच पॉइंट गिझरला वर्षानुवर्षं पुरतो, कारण पाणी तापलं की थर्मोस्टॅट तोडतो आणि सॉकेट थंड होतो. गाडी सलग सहा-आठ तास ओढते.

रस्ता_मोकळा, तुम्ही १०वर चालवता ते चांगलंच आहे. पण ती गाडीतली सेटिंग आहे, संरक्षण नाही. सॉफ्टवेअर अपडेटमध्ये ती पुसली गेली किंवा पाहुण्यांच्या गाडीला तुमची केबल लावली, तर डबी पुन्हा ३२च सांगणार. कृपया तो कन्व्हर्टर काढा.

परदेशी_पाखरू
काकांच्या मुद्द्याला जोडून. अमेरिकेत प्रत्येक करंटसाठी सॉकेटचा आकार वेगळा असतो. कपडे वाळवायच्या मशीनच्या ३० अँपिअर सॉकेटात न्यूट्रलची पाती एल आकाराची, ५०च्या सॉकेटात सरळ, त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात जात नाही. शिवाय सलग चालणाऱ्या लोडला रेटिंगच्या ८० टक्केच ओढायचे, म्हणजे ५०च्या सॉकेटवर ४०. काही पोर्टेबल केबलींना बदलता येणारी प्लगची शेपटी असते आणि ती शेपटीच डबीला कळवते की इथे इतकीच मर्यादा ठेव. केबल बनवणाऱ्या कंपनीचा असा अडॅप्टर आणि बाजारातला नुसत्या तारा जोडलेला कन्व्हर्टर बाहेरून सारखेच दिसतात. ताईंनी आधी त्यांच्या केबलला तशी शेपटी आहे का ते बघावं.

निळी_गाडी
बघितलं, शेपटी निघत नाही. काका, मग मला ३२ची नवीन लाइनच ओढावी लागेल का? आणि आहे तो १६चा पॉइंट चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? अर्थिंगबद्दल दीर म्हणाले, लाल दिवा लागला तर न्यूट्रल-अर्थ जोडून देतो.

वायरमनकाका
ते जोडणं अजिबात होऊ देऊ नका, सगळ्यात आधी हे. अर्थ नसताना डबी लाल दिवा दाखवते ती तुमच्या जिवासाठी. सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थ एक केले आणि पुढे कधी न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि मुलं त्याच गाडीच्या दाराला हात लावतील. दिवा लाल असेल तर अर्थिंग दुरुस्त करायचं, दुसरा इलाज नाही. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, खराब अर्थलाही तो २३० दाखवू शकतो. अर्थ टेस्टर घेऊन येणारा माणूस बोलवा.

लाइनचं म्हणाल तर चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिट लागतात. १० अँपिअरला २.३ किलोवॅट मिळतात, म्हणजे तीन-साडेतीन तासांत काम होतं. तुम्हाला ३२ची गरज नाही. करंट ६ ते १६ निवडता येणारी आणि कंपनीतूनच १६चा टॉप साच्यात बसवून आलेली केबल घ्या आणि १०वर चालवा. सध्याची निळी केबल ठेवून द्या.

पुढे मोठी बॅटरी आली किंवा दोन गाड्या झाल्या तर निळा ३२चा इंडस्ट्रियल सॉकेट, मेनपासून ६ एमएम तांब्याची स्वतंत्र लाइन, ३२चा एमसीबी. ७.३६ किलोवॅटचा भार तुमच्या मंजूर लोडमध्ये बसतो का ते आधी तपासायचं.

दोन्ही बाबतींत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, लागेलच आणि तो किमान टाइप ए हवा. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर घरातला साधा टाइप एसी आंधळा होतो, पडायच्या वेळी पडत नाही. डबीत ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय आहे का, हे केबलच्या माहितीपत्रकात बघा. नसेल तर डीसी गळतीलाही पडणारा टाइप बी घ्यावा लागेल.

आता जुना पॉइंट. मेन बंद करून सॉकेट उघडायचा. वायर अडीच एमएमपेक्षा बारीक असेल, ॲल्युमिनियमची असेल किंवा वाटेत कुठे पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड असेल, तर तो पॉइंट गाडीसाठी बाद. लहान-मोठ्या दोन्ही पिना घेणारा कॉम्बो सॉकेटही नको, त्याची पकड लवकर सैल होते. फक्त १६चाच, चांगल्या प्रतीचा नवीन सॉकेट लावा आणि स्क्रू पक्के आवळून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये कुठेही नको.

पहिल्या रात्री तासाभराने जाऊन टॉपला हात लावा. कोमट चालेल. हात ठेवून राहता येत नसेल तर तिथेच थांबवा. नंतरही महिन्या-दोन महिन्यांनी हात लावून बघत जा आणि पिना काळ्या पडल्यात का ते पाहा. पडल्या असतील तर टॉप साच्यातला असल्याने केबल कंपनीकडे द्या, आणि सॉकेटही त्याच वेळी बदला. काळी पिन नव्या पातीत घातली की नवी पातीही थोड्याच दिवसांत तशीच होते.